राखून ठेवलेले कलम

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण आता माझ्यामागे खोली नाही. एका मोठ्या इमारतीच्या तळघरात, गोदामात, मला भिंतीला टेकवून उभे केले आहे. एका बाजूला मोडक्या खुर्च्यांची रास आणि दुसऱ्या बाजूला गुंडाळलेला गालिचा. उघडायला काही नाही, मिटायला काही नाही. त्यामुळे बोलायला भरपूर वेळ आहे. मात्र माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका. तुमच्या पाठ्यपुस्तकातली जुनी छत्री किंवा जुनी सायकल आपली कहाणी सांगताना हळूच डोळे पुसते. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून गेलेला नाही.

ज्या सुताराने मला घडवले तो फार कमी बोलत असे. इमारत तेव्हा नवी होती. देशाचे कायदे जिथे होतात तीच ही इमारत. बाकीच्या दारांना त्याने दोन-दोन दिवस दिले, मला मात्र नऊ दिवस दिले. त्याला बजावून सांगितले होते की या खोलीतले बोलणे बाहेर जाता कामा नये. म्हणून त्याने दोन जाड फळ्या जोडून मला घडवले, मधल्या पोकळीत भुसा ठासून भरला आणि कडेने लोकरीची पट्टी ठोकली. पितळी मूठ बसवली. मग बाहेर उभा राहून आतल्या माणसाला मोठ्याने बोलायला लावले आणि काही ऐकू येत नाही म्हटल्यावर हत्यारे गोळा करून निघून गेला. भिंतीला कान असतात एवढे त्याला ठाऊक होते. दरवाजाला तर दोन बाजू असतात. आतले मी आतल्या अंगाने ऐकतो आणि बाहेरच्या बोळातले बाहेरच्या अंगाने. माणसे आत काय बोलतात आणि बाहेर आल्याबरोबर काय बोलतात, हे दोन्ही एकाच जागी उभे राहून ऐकणारा त्या इमारतीत मी एकटाच होतो. त्यामुळेच माझा स्वभाव असा झाला.

माझ्या कपाळावर पाटी लागली, ‘समिती कक्ष तीन’. वर एक लाल दिवा बसला. तो लागला की आत बैठक चालू आहे असे समजायचे.

शाळेत तुम्हाला शिकवतात की कायदा सभागृहात होतो. ते अर्धे खरे आहे. सभागृहात भाषणे होतात, बाके वाजतात, वर्तमानपत्रवाले लिहून घेतात. पण नव्या कायद्याचा कच्चा मसुदा, म्हणजे विधेयक, त्याआधी माझ्यामागच्या खोलीसारख्या एखाद्या खोलीत येतो. तिथे वेगवेगळ्या पक्षांचे पंधरा सदस्य एका लांब टेबलाभोवती बसतात. एकेक कलम वाचतात. ज्यांना तो कायदा लागू होणार त्यांना बोलावतात आणि विचारतात, बाबा रे, हे असे लिहिले तर तुझे काय होईल? मग शब्द बदलतात, ओळ खोडतात, ओळ घालतात. शिंपी कपडा बेतण्याआधी माप घेतो तसलेच हे काम आहे. त्यात टाळ्या नसतात.

आणि हे काम खरोखरच पार पडते, मित्रांनो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणूनच तर राग येतो. एकदा एका विधेयकात लिहिले होते की अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेला असावा. चौदा जणांनी माना डोलावल्या. पंधरावा, एरवी झोपाळू म्हणून बदनाम असलेला सदस्य, म्हणाला की ज्याला हातच नाहीत त्याने काय करायचे? मग ती ओळ खोडली आणि नवी लिहिली, आणि त्यासाठी तिघेजण जेवायच्या सुट्टीतही उठले नाहीत. त्या दिवशी मला माझ्या पितळी मुठीचा अभिमान वाटला होता.

माझ्या दाराशी जो शिपाई असे त्याला सगळे काका म्हणत, त्याच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले सदस्यसुद्धा. काका मूठ पुसायचा, बिजागऱ्यांना तेल द्यायचा आणि सदस्यांची डोकी मोजायचा. पंधरांपैकी निदान पाच जण असल्याशिवाय बैठक धरता येत नाही, त्याला गणपूर्ती म्हणतात. काकाचे अर्धे आयुष्य हे पाच जण गोळा करण्यात गेले. तो म्हणायचा, पाच पाहुणे जमवून लग्न लावता येतं, पण पाच सदस्य जमवून बैठक लावणं म्हणजे बेडकांचं वजन करणं आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

एका वर्षी कामाच्या जागांच्या सुरक्षिततेचे विधेयक आले. एकूण एकेचाळीस कलमे. समितीचे अध्यक्ष पूर्वी शाळामास्तर होते. वाचून झालेल्या कलमापुढे ते शिसपेन्सिलीने बारीक खूण करत. वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. या गोष्टीत वाईट माणूस सापडला असता तर माझे काम सोपे झाले असते. सदस्यांमध्ये एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या सगळे कागद घरून वाचून येत, त्यामुळे बाकीचे त्यांच्याशेजारी बसायचे टाळत. समितीच्या सचिवबाई होत्या. कोण काय बोलले, कोणते कलम झाले, कोणते राहिले, सगळे त्यांच्या निळ्या फाइलीत असे.

त्या विधेयकातले तेविसावे कलम माझ्या जातीचे होते. दारांचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमची गोष्ट त्या टेबलावर आली होती. कलम असे होते: ‘कामगार आत काम करत असताना, बाहेर पडण्याचे प्रत्येक दार, शक्य असेल तेथवर, कुलूप न लावता ठेवावे.’

त्या कलमावर साक्ष द्यायला दोघांना बोलावले होते. एक कारखानदारांच्या संघटनेचा प्रवक्ता आणि दुसरी कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात इस्त्री करणारी बाई. दोघांना दहाची वेळ दिली होती. प्रवक्ता आधी आत गेला. तो पडद्यावर चित्रे दाखवत राहिला. दारे उघडी राहिली तर धूळ येते, माल जातो, शिस्त जाते. कायद्यात ‘शक्य असेल तेथवर’ आहे ते योग्यच आहे, कारण मालक लोक समजूतदार असतात. मग जेवायची सुट्टी झाली. मग आणखी थोडी चित्रे झाली.

बाई बाहेर बोळात उभी होती. बसायला बाक होते, पण त्यावर प्रवक्त्याच्या माणसांनी पिशव्या ठेवल्या होत्या. ती माझ्या चौकटीला पाठ टेकून हळू आवाजात आपले बोलणे घोकत होती. तिच्या पाठीचा भार मला कळत होता. काकाने तिला पाणी दिले आणि पिशव्या उचलून खाली ठेवल्या, तरी ती बसली नाही. बसले तर विसरेन, म्हणाली. तीन वाजता तिला आत बोलावले.

अध्यक्षांनी सांगितले की पाच मिनिटांत आटपा. ती तीन मिनिटेच बोलली.

हॉटेलांच्या आणि रुग्णालयांच्या चादरी तिच्या कारखान्यात येत. बायका चादरी पळवतील या भीतीने इस्त्रीची खोली बाहेरून कुलूपबंद असे. किल्ली मुकादमाकडे. तिची धाकटी बहीण सकाळच्या पाळीला होती, ही दुपारच्या. एके दिवशी सकाळी वाफेचा नळ फुटला. मुकादम फाटकावर गाडीतला माल मोजत होता. तो धावत येईपर्यंत चार बायका गेल्या. बहीण त्यांत होती.

“मी पाळीला आले तेव्हा दार उघडून ठेवलेलं होतं,” ती म्हणाली. “पत्र्याचं दार. आतल्या बाजूला नखांचे ओरखडे होते. माझ्या उंचीवर नव्हते, साहेब. खाली होते. गुडघ्याएवढ्या उंचीवर.”

मित्रांनो, मला दरवाजा असल्याची लाज वाटली. आमची जात माणसांना वाट देण्यासाठी असते.

ती पुढे म्हणाली की बहिणीची मुलगी आता त्याच खोलीत कामाला लागली आहे, आपल्या आईच्याच जागेवर. कुलूपही तेच आहे. अध्यक्षांनी विचारले की मग तिला तिथे का पाठवता? बाईने त्यांच्याकडे पाहिले. दुसरे काम दाखवा, ती म्हणाली, उद्या काढते तिला.

मग सचिवबाईंनी तिला तेविसावे कलम वाचून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

“शक्य असेल तेथवर,” ती म्हणाली, “म्हणजे कुणाला शक्य असेल तेव्हा? आमच्या मालकाला विचारलं तर त्याला ते कधीच शक्य नसतं.”

कारखानदारांच्या बाजूने बोलणारे दोन सदस्य होते, त्यांनीही हरकत घेतली नाही. ती बाहेर गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ते तीन शब्द काढून टाकावेत. पंधराच्या पंधरा जणांनी होकार दिला. त्या समितीत एकमत झाल्याचे मी पहिल्यांदाच पाहत होतो. नाकापेक्षा मोती जड झाला होता तो उतरवायचा, यावर सगळे राजी होते.

मात्र मसुदा लिहिणारा अधिकारी कोपऱ्यातून म्हणाला की नुसते शब्द खोडून भागणार नाही. तुरुंगात कारखाने असतात, तिथली दारे कशी उघडी ठेवणार? दोन-चार नेमक्या जागा वगळाव्या लागतील आणि त्या नीट शब्दांत लिहाव्या लागतील. त्याला थोडा वेळ हवा होता. हे म्हणणे वाजवी होते. मग अध्यक्षांनी तिथल्या रीतीप्रमाणे सांगितले की तेविसावे कलम राखून ठेवू.

राखून ठेवणे म्हणजे काय ते सांगतो. जे कलम अवघड असते, ज्याला जास्त विचार लागतो, ते बाजूला ठेवायचे आणि सगळ्यात शेवटी सवडीने घ्यायचे. ही रीत चांगल्या हेतूने पडली आहे. सोप्या कलमांची गाडी अडू नये म्हणून. शेवटी सवड नावाची गोष्ट कुणाला कधी मिळाली आहे, हे मात्र रीत पाडणाऱ्यांनी विचारले नाही.

बाई अजून बोळात थांबली होती. तिने सचिवबाईंना गाठले आणि काय झाले ते विचारले. सचिवबाईंनी फाइलीतली चिठ्ठी दाखवली. त्या म्हणाल्या, “राखून ठेवलंय म्हणजे सोडून दिलेलं नाही. सगळ्यात शेवटी नीट वेळ देऊन घेतील. सगळ्यांना पटलंय तुमचं.” बाईचा चेहरा सैल झाला. जाताना तिने माझी मूठ धरून मला एकदा ढकलले आणि एकदा ओढले.

“हा आत उघडतो,” ती काकाला म्हणाली. “घाईगर्दी झाली तर बाहेरच्यांना ढकलता येईल, आतल्यांना नाही.”

“इथं कसली गर्दी होतेय बाई,” काका म्हणाला. “इथं पाच माणसं जमताना माझा जीव जातो.”

ती हसली. तिला हसताना मी एवढेच पाहिले.

त्यानंतर समिती चार महिने बसली. आता त्या चार महिन्यांत काय झाले ते ऐका. नवव्या कलमावर, तपासनीस कोणी नेमायचा यावर, तीन बैठका भांडण झाले. टेबलावर मुठी आपटल्या. विधेयकाच्या नावात ‘सुरक्षा’ असावे की ‘सुरक्षितता’, यावर दोन बैठका गेल्या. एक सदस्य रागाने उठून गेला तेव्हा त्याने मला इतक्या जोरात आपटले की माझ्या वरच्या बिजागरीचा खिळा सैल झाला. समितीचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला आपले म्हणणे वेगळे लिहून देता येते, त्याला भिन्नमतपत्रिका म्हणतात, आणि ती अहवालाला जोडून छापावीच लागते. नवव्या कलमावर अशा तीन पत्रिका झाल्या. नावावर एक झाली. जिथे जिथे भांडण झाले तिथे तिथे कागद झाला. तेविसाव्या कलमावर सगळ्यांचे एकमत होते, म्हणून त्याचा कागदच झाला नाही. ते भिजत घोंगडे सचिवबाईंच्या फाइलीत पडून राहिले. मसुदेकाराला दरम्यान दुसऱ्या दोन विधेयकांना जुंपले. सचिवबाईंनी त्याला दोनदा आठवण करून दिली, त्याने दोनदा ‘होतंय’ म्हटले.

मधल्या काळात हवा दमट झाली आणि मी फुगलो. जुन्या दारांना हा आजार असतो. मी चौकटीत अडायला लागलो, उघडताना करकरायला लागलो. सदस्य वैतागले. शेवटच्या बैठकीच्या आठवडाभर आधी सुताराला बोलावले. माझा पहिला सुतार नव्हे, त्याला जाऊन जमाना झाला होता. या नव्या सुताराने माझी कड तासली, मेण घासले, आणि मी तरण्या दारासारखा हलका झालो. सगळ्यांनी वाखाणले. काकाने तर येणाऱ्या प्रत्येकाला मी एका बोटाने कसा उघडतो ते दाखवले.

अहवाल द्यायची मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा वाढ मिळणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अहवाल जायलाच हवा होता. शेवटची बैठक दुपारी साडेतीनला बोलावली, आणि अध्यक्ष, डॉक्टरीणबाई धरून आले चारच जण. काका उपाहारगृहात जाऊन पाचव्याला घेऊन आला. तो हजेरीची सही करून हातातला चहा संपवत उभाच राहिला. पस्तिसाव्या कलमापासून वाचन सुरू झाले. अध्यक्षांची शिसपेन्सिल भराभर खुणा करत होती. छत्तीस मान्य, सदतीस मान्य. एकोणचाळिसावर असताना मतदानाची घंटा वाजली.

ही घंटा साऱ्या इमारतीत वाजते. ती वाजली की आठ मिनिटांत सभागृहात पोचायचे, नाहीतर मत हुकते आणि पक्षाकडून बोलणी बसतात. पाचव्या सदस्याने कप खाली ठेवला आणि तो माझ्याकडे निघाला. तो गेला की गणपूर्ती गेली, गणपूर्ती गेली की बैठक गेली, बैठक गेली की अहवाल गेला.

अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, “उरलेली सर्व कलमं जशी आहेत तशी मान्य समजावीत.”

“साहेब,” सचिवबाई म्हणाल्या, “तेवीस राखीव आहे.”

“नवा मजकूर लेखी आलाय का?”

“नाही आला, साहेब.”

“मग लेखी नसेल तर मी मान्य काय करू?” ते खरोखरच विचारत होते. “जुनं आहे ते राहू द्या. सभागृहात दुरुस्ती देता येईल.”

सचिवबाई निळी फाइल चाळू लागल्या. पाचवा सदस्य माझ्यापर्यंत पोचला होता. मित्रांनो, त्या क्षणी मी अडायला हवे होते. आठवड्यापूर्वीचा फुगलेला, करकरणारा मी असतो तर त्याला दोन मिनिटे तरी झटापट करावी लागली असती. त्या दोन मिनिटांत सचिवबाई पुन्हा बोलल्या असत्या, डॉक्टरीणबाईंनी हाताने तीन शब्द खोडले असते. पण मी नुकताच तासलेला होतो. लोण्यासारखा उघडलो. त्याने जाताजाता ‘वा’ म्हटले. चाळीस वर्षांत माझी इतकी स्तुती कधी झाली नव्हती आणि मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

बोळातून सभागृहाकडे चालता चालता डॉक्टरीणबाई अध्यक्षांना म्हणाल्या की मी त्या कलमावर भिन्नमतपत्रिका लिहून देते.

“कुणाविरुद्ध?” अध्यक्ष म्हणाले. “भिन्नमत कुणाचं आहे? आपलं सगळ्यांचं एकमतच आहे ना.”

ती पत्रिका लिहिली गेली नाही. अध्यक्षांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला अजून सुचलेले नाही.

नऊ दिवसांनी विधेयक सभागृहात आले. बोळात एक कर्णा आहे, त्यातून तिथले बोलणे ऐकू येते. काका आणि मी ऐकत होतो. तेविसाव्या कलमावर दुरुस्ती सुचवायला चौदा सदस्य उठले नाहीत, कारण चौदांनाही वाटले की दुसरा कोणीतरी सुचवणार. सगळ्यांचे काम ते कुणाचेच नाही. डॉक्टरीणबाईंनी दुरुस्ती लिहून दिली होती, पण ती मुदतीनंतर तासाभराने पोचली. वरातीमागून घोडे. ती वाचलीही गेली नाही. एकेचाळीस कलमे अकरा मिनिटांत मंजूर झाली. मंत्र्यांनी समितीने केलेल्या सखोल छाननीबद्दल आभार मानले, आणि बाके वाजली.

मग समितीचे छायाचित्र काढले. त्या दिवशी पंधराच्या पंधरा हजर होते. मागे मी. माझी मूठ काकाने चिंच लावून चमकवली होती. तो फोटो चौकट करून बोळात लावला आहे, आणि त्यात मी सगळ्यांत रुबाबदार दिसतो असे लोक म्हणतात.

सात महिन्यांनी ती बाई परत आली. हातात एक कागदी पाटी होती, चारी कोपऱ्यांना फाटलेली, कारण ती भिंतीवरून ओरबाडून काढली होती. तिच्या कारखान्यात इस्त्रीच्या खोलीबाहेर लावलेली ती पाटी होती. तिच्यावर ठळक अक्षरांत छापले होते: ‘कलम २३ अन्वये हे दार उघडे ठेवणे शक्य नाही.’ खाली मालकाची सही.

पूर्वी तपासनीस आला की मालक धावत जाऊन कुलूप काढायचा, तिने काकाला सांगितले. त्याला भीती असायची. आता तपासनीस येतो, पाटी वाचतो आणि पुढच्या खोलीकडे जातो. आता कुलूप लपवावे लागत नाही. भाची आतच असते.

तिला समितीला भेटायचे होते.

“बाई,” काका म्हणाला, “ती समिती आता नाही.”

“म्हणजे? आज सुट्टी आहे?”

“नाही. अहवाल दिला की समिती संपते. ती माणसं आहेत, पण ती समिती नाही.”

मग तिने माझी मूठ धरली आणि ढकलले. मी बंद होतो, मला कुलूप होते, आत खोली रिकामी होती. तिने आणखी एकदा ढकलले. मी चाळीस वर्षे त्या जागी उभा होतो आणि मला कोणी आत येण्यासाठी इतक्या निकराने ढकलले नव्हते.

आवाज ऐकून सचिवबाई शेजारच्या खोलीतून आल्या. त्या आता मासेमारीच्या विधेयकाच्या समितीवर होत्या. त्यांनी बाईला ओळखले आणि तिच्या हातातली पाटी वाचली. त्यांनी आत जाऊन छापील अहवाल आणला आणि पान एकशे बारा उघडून दाखवले. बाईची साक्ष तिथे होती. एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. गुडघ्याएवढी उंचीसुद्धा होती.

बाईने ते पान बोट ठेवून सावकाश वाचले. मग म्हणाली, “माझं बोलणं पण छापलंत, आणि त्यांचं शक्य पण छापलंत.”

“माझ्या यादीत ते होतं,” सचिवबाई म्हणाल्या. “मी एकदा बोलले. एकदाच बोलले. मी पुन्हा बोलायला हवं होतं.”

“मग आता बोला.”

“आता कुणाशी बोलू?”

बाई निघून गेली. पाटी तिने सचिवबाईंच्या हातात ठेवली होती. ती निळ्या फाइलीत गेली, आणि ती फाइल जुन्या फाइलींच्या कपाटात. डॉक्टरीणबाईंनी मंत्र्यांना पत्र लिहिले. उत्तर आले की पुढे कधी हा कायदा दुरुस्तीसाठी येईल तेव्हा आपल्या सूचनेचा विचार करण्यात येईल. थोडक्यात, तेही राखून ठेवले.

दोन वर्षांपूर्वी समिती कक्ष तीनला काचेचे दार बसले. ते आपोआप सरकते, कोणाला ढकलावे लागत नाही आणि ओढावेही लागत नाही. मला उतरवताना मजूर म्हणाले की हा फारच जड आहे, आत काय भरलंय काय जाणे. मग मी इथे आलो. काका अधूनमधून मोडक्या खुर्च्या टाकायला येतो आणि गोदामवाल्याशी गप्पा मारतो. त्याच्याकडून मला बाहेरचे कळते. मास्तर-अध्यक्ष निवृत्त झाले. सचिवबाई बदली मागून दुसऱ्या खात्यात गेल्या. गेल्या आठवड्यात काकाला बसथांब्यावर ती बाई भेटली. तिने त्याला ओळखले आणि नीट विचारपूस केली. जुने दार काढले हे काकाने सांगितल्यावर ते कुठे गेले, असेही तिने विचारले म्हणे.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते की आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ झटका. माझ्यावरची धूळ राहू द्या, मला तिचा त्रास नाही. तुमच्यापैकी काहीजण पुढे अशाच एखाद्या लांब टेबलाभोवती बसणार आहात. कोणी सदस्य व्हाल, कोणी मसुदा लिहाल, कोणी फाइल सांभाळाल. तेव्हा अवघड कलम पहिल्यांदा घ्या, सकाळी, डोके ताजे असताना. आणि ज्यावर सगळ्यांचे एकमत झाले असेल ते उठण्याआधी कागदावर लिहा, अगदी घंटा वाजत असली तरी. लिहून झाल्याशिवाय दाराकडे जाऊ नका. दार तुम्हाला अडवणार नाही.

तिची भाची अजून त्याच कामावर आहे. उद्या सकाळी सात वाजता ती इस्त्रीच्या खोलीत जाईल आणि मुकादम बाहेरून कुलूप लावून किल्ली खिशात टाकेल. ते कायद्याला धरून आहे.